कामाचा हात कोणता

“खोटं बोलतोय तो माणूस. माझ्याकडून लिहून घे.”

“मावशी, हळू बोला! पडद्याच्या पलीकडेच बसलेत ते.”

“बसू दे की. मी काय शिवी दिली? उजवा हात धडधाकट आहे ना त्याचा? मग बटाटा सोलताना सुरी अशी का धरली, जसा काही विंचू उचललाय?”

“घरी कधी सोलला नसेल. आमचे बाबाही तशीच धरतात.”

“बटाट्याचं सोड. बरणीचं झाकण आधी उलटं फिरवलं. साखर घालताना निम्मी ओट्यावर. पाणी कुठंतरी मुरतंय, पोरी. डावा हात बरा होत आला, म्हणून आता उजव्याचं सोंग घेतलंय. रजा वाढवून हवी असणार त्याला.”

“आणि तुम्हाला परत नापास व्हायचंय का? गेल्या वर्षी त्या वॉचमनच्या खांद्याचं काय झालं, विसरलात?”

एवढं म्हटल्यावर मावशीचं तोंड मिटलं.

मावशी ही काही त्या पोरीची मावशी नव्हे. दोघी एकाच वर्गात होत्या. पोरगी बावीसची, जाड चष्म्याची, म्हणून ती चष्मेवाली. आणि मावशी अडतीसची, दोन लेकरांची आई, विद्यापीठात व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, शेवटच्या वर्षाला. वर्गातली पोरं तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठीमागे खात्रीबाई. कारण तिच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात खात्री यायची. खात्री करून घे, खात्री काय त्याची, मला खात्री वाटत नाही. कॅन्टीनवाल्याने ताजं आहे म्हटलं तरी ही वास घेऊन बघायची. परीक्षेचा पेपर हातात पडला की आधी पानं मोजायची, मग पालथा करून बघायची, मागे काही छापलंय का ते.

हा स्वभाव तिला आईच्या पोटातून मिळाला नव्हता. बारा वर्षं तिने याच रुग्णालयात वॉर्डबाई म्हणून काढली होती. बेडपॅन उचलले, चादरी बदलल्या, आणि चादरी बदलता बदलता माणूस ओळखायला शिकली. गोळी घेतली का म्हणून डॉक्टरांनी विचारावं, पेशंटने मान डोलवावी, आणि हिने गादी उचलली की खाली गोळ्यांची रांगोळी. पथ्य पाळतो म्हणणाऱ्याच्या उशीत बिस्किटं. पडले म्हणणाऱ्या बाईच्या दंडावर पाच बोटं. माणूस तोंडाने एक सांगतो आणि गादीखाली दुसरंच ठेवतो, ही तिची पदवी. विद्यापीठाची वाट नंतर धरली.

तीही धरली ती संशयापोटीच. वॉर्डात पांढऱ्या कोटातल्या दोन मुली यायच्या आणि अर्धांग झालेल्या एका शिंप्याला एका हाताने सदऱ्याची बटणं लावायला शिकवायच्या. अर्धा अर्धा तास. “हे काय शिक्षण?” ही बाई बाकीच्या बायांना म्हणाली. “बटण लावायला विद्यापीठ लागतं? कुणीतरी कुणालातरी फसवतंय.” मग तीन आठवडे झाडू हातात धरून ती त्या पलंगाभोवती घुटमळली. चौथ्या आठवड्यात शिंप्याने स्वतः सदरा घातला, आणि आधी हिलाच शिवी हासडली, “काय बघते गं, माणूस कपडे घालताना?” त्या दिवशी तिने केर न काढता खाली जाऊन फॉर्म आणला. बारावी झालेली होतीच. नवऱ्याला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. खूळ चार वर्षं टिकलं.

तर असली ही बाई, आणि शेवटचं प्रात्यक्षिक. गेल्या वर्षी याच प्रात्यक्षिकात तिने माती खाल्ली होती. एक वॉचमन हात वर जात नाही म्हणत होता, आणि हिने त्याला बस थांब्यावर त्याच हाताने पिशवी उचलताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी भर खोलीत, दहा माणसांसमोर, तिने त्याला लबाड ठरवलं. तपासात निघालं, पिशवी कमरेपर्यंत उचलता येत होती, खांद्याच्या वर हात नेणारा स्नायू मात्र खरंच फाटला होता. वॉचमनने लेखी तक्रार दिली. मोठ्या मॅडम, ज्या या विभागाच्या प्रमुख आणि वयाने हिच्याहून चार वर्षांनी लहान, एवढंच म्हणाल्या, “तुमचे डोळे चांगले आहेत. पण दिसलेलं लिहायचं असतं, निकाल द्यायचा नसतो. पुढच्या वर्षी परत या. तेव्हाही हेच झालं, तर तिसऱ्यांदा येता येणार नाही. नियम आहे.”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वर्षी खात्रीबाई तोंडाला टाका घालून वावरत होती. सहा आठवड्यांपैकी पाच निभले. आणि आता हा माणूस आला आडवा.

हा माणूस म्हणजे बांधणीवाले काका. वह्या-पुस्तकं बांधायच्या कारखान्यात बावीस वर्षं कागद कापायच्या मशीनवर. जिन्यावरून घसरून डावं मनगट मोडलेलं, हाड जुळलं, पण आत शीर दबल्याने अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर राहिली. ती हळूहळू सुधारत होती. फाईलवर लिहिलेलं होतं, कामाचा हात उजवा, दुखापत डाव्याला. म्हणजे फारसं अडत नाही. शनिवारी मोठ्या मॅडमनी कामावर जायच्या दाखल्यावर सही करायची, आणि सोमवारी काकांनी मशीनवर उभं राहायचं, असं ठरलेलं.

आज बुधवार होता.

पडदा सरकवून खात्रीबाई परत आत गेली. विभागातलं हे सरावाचं स्वयंपाकघर म्हणजे खरं स्वयंपाकघरच, फक्त खोटं. ओटा होता, शेगडी होती, कपाट होतं, पण कुणी तिथे जेवत नव्हतं. पेशंटने चहा करायचा आणि शिकणाऱ्यांनी तो कसा केला हे लिहायचं. चहा मात्र शेवटी वाटून प्यायचा.

“झालं का कुजबुजून?” काका म्हणाले. गडी चिवट, केस पिकलेले, मिशी काळी. “कमी साखर पडली का?”

“जास्तच पडली, काका. ओट्यावर.”

“मुंग्यांनीही खायला पाहिजे, बाई.”

ती हसली नाही. काका उठले, कप विसळायला वळले, आणि तिची नजर त्यांच्या कमरेला गेली. पट्ट्याचं टोक उजवीकडे गेलेलं. नवऱ्याचं डावीकडे जातं. सासऱ्यांचंही डावीकडे. बारा वर्षं बेशुद्ध माणसांचे पट्टे सोडले होते तिने, हाताला सवय होती. हे टोक उलटं होतं. आणि त्या कातड्यावर बकलाचे जुने, खोल वळ होते. दोन महिन्यांत पडलेले ते नव्हते.

तिने वहीत एवढंच लिहिलं, पट्टा उलट दिशेने. पुढे प्रश्नचिन्ह.

चष्मेवालीने वाकून वाचलं. “मावशी, सुतावरून स्वर्ग झाला, आता पट्ट्यावरून?”

“तू चहा पी.”

गुरुवारी कामाची जागा पाहायला जायचं होतं. हे या अभ्यासक्रमातलं सक्तीचं काम. माणूस जिथे काम करतो ती जागा जाऊन बघायची, मोजायची, लिहायची. बाकीची पोरं अर्ध्या तासात उरकून यायची. खात्रीबाई फीत, वही आणि कोरा चेहरा घेऊन गेली. काका सोबत नव्हते. येऊ नका म्हणून तिनेच सांगितलं होतं. मालक समोर असला की नोकर सरळ होतो, आणि पेशंट समोर असला की मालक.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खळ आणि कागदाच्या भुशाचा वास. एका बाजूला बाया पानं जुळवत बसलेल्या, मधे शिलाई, आणि टोकाला ते मशीन. हत्तीएवढं, जुनं, काळं. वर आडवं पातं. गठ्ठा आत सरकवायचा, पायाने दांडा दाबायचा, पातं खाली. हात दोन्ही मोकळे. पुढे लोखंडी जाळी होती, पण ती सुतळीने वर बांधून ठेवलेली.

“ही खाली का नाही?” तिने विचारलं.

“जाळी खाली असली की काम दिसत नाही,” मशीनवरचा माणूस म्हणाला. काकांच्या जागी दुसऱ्या कारखान्यातून आणलेला कारागीर, पन्नाशीचा, घामाघूम. “पण दिसून तरी काय उपयोग? सहा आठवडे झाले, मला इथे उभंच राहता येत नाही धड. त्याने सगळी जागा स्वतःच्या सोयीने लावलीय. दिवा बघा. उजवीकडे टांगलाय. माझ्या हाताची सावली नेमकी कापायच्या रेघेवर पडते.”

“मग हलवा की दिवा.”

“मालक हलवू देत नाही. म्हणतो, तो सोमवारी येणार आहे, राहू दे. आणि हा सुरा घ्या. घ्या, घ्या हातात. कडा छाटायचा सुरा आहे. याला धार एकाच बाजूने असते. ही बघा कुठल्या बाजूने आहे.”

तिने सुरा उजव्या हातात धरून पुठ्ठ्याच्या कडेवर ठेवला. सुरा निसटला. डाव्या हातात घेतला. डाव्या हाताने ती आयुष्यात काही करत नव्हती, पण सुरा पुठ्ठ्याला असा चिकटला जसं वासरू गाईला.

तिने सुरा जागेवर ठेवला.

“कागद कसा सरकवता ते दाखवा,” ती म्हणाली. आवाज मुद्दाम कंटाळलेला ठेवला.

“हा हात मागे, गठ्ठ्यावर नुसता ठेवलेला. आणि कामाचा हात पुढे. बोटांच्या टोकांनी शेवटचं सूतभर सरकवायचं, पात्याखाली. डोळ्यांनी दिसत नाही ते. बोटांनीच कळतं कागद कुठे आला आणि आपण कुठे आलो.”

“आणि तुमच्याआधी जो होता, तो कुठला हात पुढे घालायचा?”

कारागीर तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने विचारलं की पाणी ओलं असतं का. “अहो, डावरा आहे तो! एवढा वेळ मी काय सांगतोय मग?”

रस्त्याने परत येताना खात्रीबाईच्या पायांना चाकं लागली होती. म्हणजे उजव्या हाताचं सोंग नव्हतंच. तो हात मुळातच अडाणी. डावा खरंच बरा असता, तर सुरी त्यातच धरली असती. सोंग होतं ते डाव्याचं, आणि तेही बरं असल्याचं. रजा वाढवायला नव्हे, रजा संपवायला खोटं. बारा वर्षांत तिने आजाराचं नाटक करणारे शंभर पाहिले होते, ठणठणीत असल्याचं नाटक करणारे फक्त दारुडे. संशय बरोबर होता, पण धरला होता उलट्या टोकाने.

आणि मग दुसरा विचार आला, आणि तो आल्यावर तिला बरंच वाटलं. फाईलवर कामाचा हात उजवा असं लिहिलं कुणी? कोण हा आंधळा? चष्मेवालीच असणार. चष्मा लावून आंधळी. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून नोंद केली होती. आता पोरीला चांगलं सुनवायचं, नापासाची भीती घालते काय मला. ती तशीच विभागात गेली, कपाट उघडलं, फाईल काढली, पहिलं पान उलटलं.

‘कामाचा हात’, आणि पुढच्या चौकटीत ‘उजवा’. ज चा शेपटा खाली लांब ओढलेला. अक्षर खात्रीबाईचं, आणि शेजारी सहीही तिचीच.

ती स्टुलावर बसली.

आठवायला फार खोल जावं लागलं नाही. काका आले होते, हात गळ्यात अडकवलेला. तिने संमतीच्या कागदावर सही मागितली, पेन पुढे केलं. काकांनी उजव्या हाताने पेन घेतलं, झोकदार सही ठोकली. आणि तिने ते बघून पुढची चौकट भरून टाकली. प्रश्न छापलेला होता, विचारायचं होतं. जेवता कुठल्या हाताने, कात्री कुठल्या हाताने, दगड मारलात तर कुठल्या हाताने. वर्गात तीन तास हेच शिकवलं होतं. नवऱ्याने गॅस बंद केला म्हटल्यावर परत जाऊन बघणारी बाई, आणि तिने एका सहीवर विश्वास टाकला होता.

शुक्रवारी सकाळी काका आले तेव्हा चष्मेवाली दुसऱ्या टेबलावर होती. खात्रीबाईने त्यांना कोपऱ्यात बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि नायलॉनचा धागा घेतला. धागा बोटाच्या टोकाला टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का. साधी तपासणी.

“लागलं का?”

“हो.”

“आता?”

“हो.”

“आता?”

“हो हो.”

एकेक श्वास सोडून ती विचारत होती, तालात. चौथ्यांदा तिने धागा टेकवलाच नाही. हात मांडीवर ठेवून नुसतं विचारलं, “आता?”

“हो.”

“आता?”

“हो, बाई. चांगलं लागतंय. टोचतंय जरा.”

“काका, रुमाल काढा.”

काकांनी रुमाल वर केला. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. धागा टेबलावर. मग काकांनी मिशीवरून हात फिरवला. डावा.

“काल कारखान्यात जाऊन आलात म्हणे.”

“आले. तुमचा सुरा हातात घेतला.”

“बरा आहे ना? धार बघितलीत?”

“तुम्ही मला खोटं का सांगितलंत, काका?”

“मी?” काका टेबलावर पुढे झुकले. आवाज खाली, पण डोळे वर. “मी काय खोटं सांगितलं? शाळेत मास्तर डावा हात पट्टीने फोडायचे, म्हणून लिहायला उजवा शिकलो. लिहिण्यापुरता उजवा, बाकी सगळा डावा. तुम्ही पेन दिलंत, मी सही केली. तुम्ही लिहिलंत उजवा. मला वाचता येतं, मी वाचलं. कुणी मला तोंड उघडून विचारलं, काका, तुमचा हात कोणता? सांगा ना. विचारलं?”

तिने टेबलावरचा धागा बोटाला गुंडाळला.

“मला तेव्हा वाटलं, देवानेच लिहून घेतलं बाईंच्या हातून. डावा कामाचा म्हटलं असतं तर सहा महिने घरी. सहा महिन्यांत तो घामट्या माझ्या मशीनला चिकटला असता. बावीस वर्षं बाई! माझ्या हाताने झिजलंय ते मशीन. ते गेलं की मी काय, बायांच्या रांगेत बसून पानं जुळवू?”

“आणि बोटं गेली तर?”

“जात नाहीत. बावीस वर्षांत गेली का?”

“तेव्हा त्यांना कळत होतं.”

काकांनी डावा हात मागे ओढून मांडीखाली घातला, पोर खाऊ लपवतं तसा. मग एकदम आवाज मऊ केला. हा मऊपणा तिला जास्त खटकला.

“त्या चष्म्याच्या पोरीकडून ऐकलंय मी तुमचं. एकदा नापास झालात. परत काही घोळ झाला तर घरी. मग? चूक तुमच्याच सहीची आहे. झाकली मूठ राहू दे, बाई. तुमची तुमच्याकडे, माझी माझ्याकडे. उद्या मॅडमनी सही केली की तुम्ही पास, मी मशीनवर. कुणाचं काही बिघडत नाही.”

आणि वाईट हे होतं, की हिशेब चोख होता. तिने कुठूनही दाबून बघितला तरी फुटत नव्हता.

संध्याकाळी घरी तिने भाजी चिरली, लेकरांची दप्तरं तपासली, गॅस दोनदा बघितला, आणि एक शब्द बोलली नाही. नवरा टॅक्सी चालवायचा. दिवसभर लोकांची बडबड ऐकून आलेला माणूस, घरी शांतता मिळाली की त्याला भीती वाटायची.

“काय झालं?”

“काही नाही.”

“खात्री?”

मग तिने सगळं सांगितलं. तो ताट पुसत ऐकत राहिला.

“म्हणजे यात गुन्हेगार तू आहेस,” शेवटी तो म्हणाला.

“तसं म्हण.”

“म्हणून एवढी गप्प. दुसऱ्याचा गुन्हा असता तर आतापर्यंत चार गल्ल्या गोळा केल्या असत्यास. आमचा गॅस, आमची कुलुपं, आमचे खिसे, सगळ्यांची झडती. आणि आपलं निघालं की ठेवायचं झाकून.”

“तुला कळत नाहीये. चार वर्षं जातील माझी.”

“कळतंय की. मलाही चार वर्षं सकाळचा डबा भरावा लागलाय.” त्याने ताट फळीवर ठेवलं. “त्याची बोटं किती जातील?”

तिने त्याच्याकडे रागाने बघितलं. हा माणूस फार क्वचित नेमका प्रश्न विचारायचा, आणि विचारायचा तो नको त्या वेळी.

शनिवारी नऊ वाजता मोठ्या मॅडमच्या टेबलावर सात दाखले सहीला होते. काकांचा चौथा. काका बाहेर बाकावर, नवा सदरा घालून. चष्मेवाली एकेक फाईल सरकवत होती. तिसरी झाली तेव्हा खात्रीबाई आत आली. फाईल तिच्या हातात होती, तिने ती टेबलावर ठेवली नाही.

“मॅडम, यावर सही करू नका.”

“का?”

“पहिल्या पानावर चूक आहे. कामाचा हात डावा आहे. मी उजवा लिहिला. विचारलं नाही, पेन बघून लिहिलं.”

चष्मेवालीच्या हातातली फाईल मधेच थांबली. तिच्याही डोक्यात आलं असणार की त्याच पानावर खाली तिची सही आहे.

“हिचा संबंध नाही,” खात्रीबाई म्हणाली. “अक्षर माझं आहे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे पेशंटला माहीत होतं?”

इथे ती थांबली. गेल्या वर्षीचा वॉचमन डोळ्यांसमोर उभा राहिला. लबाड म्हणायला तोंड शिवशिवलं. मग तिने वही उघडली आणि वाचलं, जे दिसलं तेवढंच. सुऱ्याला धार डावीकडून. दिवा उजवीकडे. धागा न टेकवता विचारलं, उत्तर हो. दोनदा. मशीनवर कामाच्या हाताची बोटं पात्याखाली जातात, जाळी वर बांधलेली आहे. वाचून झाल्यावर वही मिटली.

“आणि तुमचं मत?”

“मत तुम्ही द्या. मी दिलं की घोटाळा होतो.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग फाईलकडे. “चुकीवर एक आडवी रेघ मारा. खोडू नका, झाकू नका. शेजारी बरोबर लिहा, तारीख आणि सही. या पानामुळे हा माणूस सोमवारी पात्यापुढे उभा राहिला असता, हे तुम्हाला कळतंय ना?”

“हो.”

“हे सहा आठवडे मी धरू शकत नाही. नापासही लिहीत नाही. चूक तुम्ही स्वतः आणलीत म्हणून. पुन्हा सहा आठवडे, पहिल्यापासून, माझ्या टेबलासमोर. तुमची पदवी या तुकडीबरोबर होणार नाही.”

“आणि त्याच्यानंतर?”

“त्याच्यानंतरचं त्याच्यानंतर.”

खात्रीबाईला यातही शंका आली. एवढ्यावर कसं सुटलं? मागून काहीतरी येणार. पण विचारायला तोंड नव्हतं. तिने रेघ मारली, ‘डावा’ लिहिलं, सही केली.

बाहेर जाऊन काकांना सांगायचं कामही तिलाच दिलं. नवा सदरा, दाढी गुळगुळीत. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. कापायच्या मशीनवर नाही. बोटांना कळायला लागेपर्यंत नाही. शिलाईचं, चिकटवायचं हलकं काम चालेल, तसं पत्र मॅडम मालकाला देतील. जाळी खाली सोडायचंही त्यात लिहितील.

काका उठले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं.

“तुमचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“सहा आठवडे परत.”

“म्हणजे तुम्ही स्वतःचंही घालवलंत आणि माझंही.” ते तिच्याकडे बघत राहिले, जसं माणूस कुलूप न तोडता झालेल्या चोरीकडे बघतो. “तुम्हाला मिळालं काय यातून? काहीतरी मिळालं असणार. फुकट कुणी असं करत नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे कुणी तिच्याच नजरेने बघत होतं. काय सांगणार? “माझी चूक होती,” ती म्हणाली.

“असं तोंडाने सगळेच म्हणतात,” काका म्हणाले आणि जिना उतरून गेले. प्रत्येक पायरीला कठडा धरत. डाव्या हाताने.

ते परत येणार नाहीत, अशी तिची खात्री होती. पण सोमवारी सव्वानऊला ते दारात उभे. सदरा जुना. ते सरळ चष्मेवालीच्या टेबलाकडे गेले आणि खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मला तिच्याकडे नको. तुझ्याकडे बसव. मालक म्हणाला, उपचार नीट केले असा कागद आणल्याशिवाय मशीनजवळ फिरकू नको. तर करा तुमचे उपचार.”

चष्मेवालीने घाबरत खात्रीबाईकडे बघितलं. खात्रीबाईने मान हलवली, घे. पोरीने वाळूचं घमेलं आणलं, त्यात किल्ली, बटण, खडू, नट पुरले, काकांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सांगितलं, बोटांनी शोधा आणि ओळखा.

“किल्ली,” काका म्हणाले. लगेच. “हे बटण. हा नट.”

“वा, काका!” पोरगी खूश.

खात्रीबाई तीन टेबलं पलीकडे एका म्हाताऱ्या शिक्षिकेला मोजे घालायला शिकवत होती. तिने मान वर केली. काकांची हनुवटी जरा जास्तच वर होती, आणि नाकाशेजारी रुमालाला बोटभर फट.

“काका,” ती जागेवरूनच म्हणाली, “रुमाल खाली घ्या.”

काकांनी शिवी पुटपुटली, मग उजव्या हाताने रुमाल नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला आणि डावा हात पुन्हा वाळूत घातला. या वेळी बोटं बराच वेळ नुसतीच चाचपत राहिली.

“ते लबाडी करत होते का?” म्हाताऱ्या बाईंनी हळूच विचारलं.

“फट होती,” खात्रीबाई म्हणाली. “चला, आपला मोजा. टाच खाली आहे का, की तुम्हीही मला नुसतंच हो म्हणताय? दाखवा पाय.”